नेतृत्वाची कसोटी : उद्योगात आणि मैदानावर



इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावरील सिमरोल हे आज भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे गाव म्हणून ओळखले जाते. उद्या उद्योगांची धुरा वाहणारे अनेक तरुण येथे घडत आहेत. नेतृत्वाचा एक उत्तम वस्तुपाठ त्यांना शेजारच्या क्रिकेटविश्वातच आढळेल.

१९९९ साली बंगळूर येथे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेऊनही मध्य प्रदेश कर्नाटकाकडून पराभूत झाला. त्या संघाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित. पुढे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांतील पहिले इंदूरच्याच होळकर मैदानावर लाभले. त्यानंतर मध्य प्रदेशाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

एका माणसाच्या अनुपस्थितीने काम अडू नये, हे उद्योगव्यवस्थेचे आद्य सूत्र होय. जून २०२२ च्या अंतिम सामन्यात वेंकटेश अय्यर व आवेश खान उपलब्ध नव्हते. तथापि यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार या तिघांनी शतके झळकावली आणि त्याच बंगळूरच्या मैदानावर मुंबईवर सहा गड्यांनी विजय मिळविला.

सामना सुरू होताच प्रशिक्षक सीमारेषेबाहेर बसतो; निर्णय कर्णधार आदित्य श्रीवास्तव यांनाच घ्यावयाचे होते. सहकाऱ्यांना निर्णयक्षम करणे, हेच कारखान्यातील प्रमुखाचेही खरे कर्तव्य आहे.