मावशी म्हणा, पण...

रुग्णसेवा म्हणजे पुण्य, असं म्हटलं की पगाराची गोष्ट मागे पडते. मला ते पटत नाही. हे शिकून करायचं काम आहे.

आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. नसीमादीदी स्वतः चाकाच्या खुर्चीत. अपंगांना शिक्षण आणि रोजगार हवा, हा त्यांचा आग्रह. आधार देणाऱ्यानं तो ध्यानात ठेवावा.

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला जखम झालेली कळत नाही. अंथरुणात असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. टाच, माकडहाड रोज पाहायचं. लाल डाग दिसला तर चोळायचा नाही, तिथला भार काढायचा. खुर्चीत घेताना आधी ब्रेक. आणि हात लावण्यापूर्वी त्याला विचारायचं! शर्टाचं बटण लावायला त्याला दहा मिनिटं लागली, तर लागू द्यावीत. मला तरी हेच सगळ्यात अवघड वाटतं.

या कामातून पुढं नर्सिंगकडे, विशेष शिक्षणाकडे वळता येतं. मात्र घरी येणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणताना कामाचे तास, सुट्टी आणि पगार पहिल्याच दिवशी ठरवा.