क्लच सोडला की गाडी झटका का मारते?

मागच्या पावसाळ्यात मंगरूळपीरहून वाशिमला निघालो. बसस्टँडसमोर क्लच सोडला आणि गाडीनं असा झटका मारला की मागं बसलेली आई पडता पडता वाचली. चूक माझीच. आठवडाभर ‘चालतंय’ म्हणत होतो.

मिस्त्री म्हणाला, क्लच प्लेट बदलू. म्हटलं, आधी स्वस्तातलं पाहू. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढिल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. माझी क्लच वायर आत अडकत होती. नवी टाकली, निम्मा झटका गेला.

मग कव्हर उघडलं. प्लेटांनी हौसिंगला खाचा पाडल्या होत्या. प्लेट तिथं अडकते अन् एकदम सुटते. अशा वेळी नुसत्या प्लेट बदलल्या तर पैसे वाया. खाचा हलक्या होत्या, मिस्त्रीनं कानशीनं सपाट केल्या. खोल असत्या तर हौसिंगच बदलावं लागलं असतं.

नव्या प्लेट बसवायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवा. कोरड्या बसवू नका. आणि कडक स्प्रिंगच्या नादी लागू नका, त्यानं लिव्हर जड होतो, झटका जात नाही.

आई आता परत मागं बसते. खांद्यावरचा हात मात्र काढत नाही. भेटू पुढच्या भागात.