भूकंप आणि घराची भिंत



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे भुईसपाट झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली.

साडेतीन महिन्यांनी अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ, नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटेच, आणि दाट वस्तीत. किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२, नॉर्थरिजचे ६.७, म्हणजे तिथे पाचपटींहून अधिक ऊर्जा बाहेर पडली. तरी मृत्यू साठच्या आसपास. एवढा फरक कशाने पडला?

काही गोष्टी आपल्या हाती नसतात. किल्लारीचा भूकंप फार खोल नव्हता, त्यामुळे हादरा थेट गावांना बसला. जमिनीचा प्रकारही महत्त्वाचा. पक्क्या खडकापेक्षा गाळाच्या जमिनीत कंपने वाढतात. २००१ च्या कच्छ भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर, साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा होता. सारा भार नुसत्या खांबांवर. शेजारच्या कितीतरी इमारती मात्र उभ्या राहिल्या.

म्हणून प्रश्न येतो तो बांधकामाचा. किल्लारीकडच्या घरांच्या जाडजूड भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नव्हता. वर माळवदाची जड माती. हादऱ्याने थर फाकले, भिंती ढासळल्या आणि माणसे दगडमातीखाली गाडली गेली. लाकडी खांब-तुळयांवर नीट बसवलेली माळवदे त्यातल्या त्यात तगली.

दगडी घर बांधताना गवंड्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा. दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना सलग वेढणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घाला. छप्पर हलके ठेवा. जुन्या घरांनाही जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने बळकटी देता येते.

‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ असे म्हणून हा खर्च टाळू नका. १९९३ साली भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. भूकंप कधी येईल हे आज कोणालाही सांगता येत नाही. घर कसे बांधायचे, हे मात्र आपण ठरवू शकतो.