बेटाखालचा खडक

पॅसिफिकमधली प्रवाळबेटं तुम्ही चित्रांत पाहिली असतील. मधे शांत, उथळ पाणी आणि भोवती बांगडीसारखी जमीन. ही बांगडी झाली कशी? १८४२ मध्ये डार्विननं सांगितलं : ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत गेला आणि त्याच्यावर प्रवाळ वाढत राहिलं. पण मग खाली डोंगराचा खडक लागायला हवा!

फुनाफुतीला १८९६-९८ मध्ये ३४० मीटर बोअर मारली. खडक नाही. १९४७ मध्ये बिकिनीला ७७९ मीटर. तरी नाही. अखेर १९५२ मध्ये एनिवेटॉकला, साधारण १,२७० मीटरवर बेसॉल्ट लागला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, त्याच जातीचा. म्हाताऱ्याचं खरं निघालं.

एखाद्या धनाढ्यानं अशा बोअरचा खर्च करावा, असं डार्विनला वाटे. खर्चाला हात लावला तो अणुबॉम्बवाल्यांनी. एनिवेटॉकची दुसरी बोअर होती एलुगेलाब बेटावर. १ नोव्हेंबर १९५२ ला तिथेच हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली आणि बेटाच्या जागी दीड-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा उरला. समुद्रशास्त्रज्ञांचं ‘होरायझन’ जहाज तेव्हा त्याच भागात होतं. पुढच्याच महिन्यात त्यानं टोंगाच्या गर्तेची खोली मोजली : सुमारे १०,८०० मीटर.

एनिवेटॉकच्या माणसांना १९४७ मध्येच उजेलांग बेटावर हलवलं होतं. परतायला त्यांना १९८० साल उजाडलं.