फुकटच्या मुक्कामाचे मोल



कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठावे, तेथून नाणेघाट चढावा आणि माथ्याजवळच्या लेण्यात पथारी पसरावी, असे आमच्याकडचे भटके वर्षानुवर्षे करीत आले. तेथे भाडे नाही. कातळाची जमीन आणि खोदलेल्या टाक्यांतले पाणी, एवढीच सोय. कल्याण बंदरातून जुन्नरला जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या या वाटेवर सातवाहनांनी सुमारे २००० वर्षांपूर्वी हे लेणे कोरविले. भिंतीवरच्या नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दानांची मोजदाद आहे. आत चूल पेटविली की धूर बसतो तो त्याच अक्षरांवर! माथ्यावरच्या दगडी रांजणात तेव्हा जकात पडे, असे सांगतात. आज ती मागणारा कोणी नाही. म्हणूनच ती आपण होऊन द्यावी. चूल बाहेर मांडावी, टाके निर्मळ राखावे आणि निघताना जागा झाडून द्यावी.