पेंडीचा डिंक आणि युरियाचा डिंक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



युरियासाठी रांगेत उभा राहिला नाही, असा शेतकरी या मांडवात सापडायचा नाही. पण युरियापासून डिंकही होतो, हे किती जणांना ठाऊक आहे? युरिया आणि फॉर्मल्डिहाइड शिजवून केलेल्या डिंकाने प्लायवूडचे पापुद्रे जोडतात. त्यासाठी कारखान्याने औद्योगिक युरिया घ्यावा, असा नियम. प्रत्यक्षात शेतीचा स्वस्त युरिया चोरवाटेने तिकडे जातो. २०१५ साली सगळ्या युरियाला निंबोळी तेल लावणे सक्तीचे झाले, त्यामागे ही चोरी रोखण्याचाही हेतू होता. तरी त्यानंतरही धाडीत पोती सापडतच राहिली.

दुसरा डिंक तुमच्या शेतातला. १९२०-३० च्या काळात अमेरिकेत प्लायवूड सोयाबीनच्या पेंडीच्या डिंकाने जोडत. तो मागे का पडला? पाणी लागले की सुटायचा. प्रथिन म्हणजे सुताचा गुंता. चुना-कॉस्टिकने तो उकलतो, लाकूड धरतो. पाणी शिरले की पकड सोडतो. खनिज तेलापासूनचे डिंक आले आणि सोयाबीन हटले.

ऑरेगॉनच्या विद्यापीठातील काइचांग ली यांनी लाटांतही खडक न सोडणारे शिंपले पाहिले. त्यांचा डिंकही प्रथिनाचाच! मग त्यांनी सोयापिठात, ओला कागद फाटू नये म्हणून कागद गिरण्या वापरतात ते रसायन मिसळले. गरम दाबाखाली धाग्याधाग्याला गाठ बसते, ती पाण्याने सुटत नाही. २००५ पासून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स ही अमेरिकन कंपनी त्यावर प्लायवूड काढू लागली. हा डिंक घरातल्या फर्निचरचा. उघड्या पावसातल्या फळीला फिनॉलचाच डिंक लागतो, हेही सांगितले पाहिजे.

आपली पेंड कोंबडीखाद्यासाठी भाजलेली असते. खाद्याला ते योग्य; पण भाजलेल्या प्रथिनाचा डिंक धरत नाही. कमी तापवलेल्या पेंडीचे पीठ वेगळे काढावे लागेल. उद्याच भाव चढेल, असे मी म्हणत नाही. पण पेंडीला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, तर एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहणे तरी संपेल.

आपली मागणी अनुदानाची नाही. फॉर्मल्डिहाइडने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सांगितले. लाकडी मालातून ते किती बाहेर पडावे, याचा कायदा अमेरिकेने २०१० साली केला. आपल्याकडेही काटेकोर मर्यादा हवी, आणि ती पाळली गेली पाहिजे. आणि युरियाची चोरी थांबवा. शेतकऱ्याच्या नावाचे अनुदान कारखान्याचा डिंक स्वस्त करते आणि शेतकऱ्याच्याच सोयाबीनला बाजाराबाहेर ठेवते. मैदान सारखे करा. पेंड आपली लढाई स्वतः लढेल.