विरोधकाची विद्या

समोरच्या डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे आपण क्षणात ताडतो. पण हे अनुमान खात्रीचे का मानायचे? या एका प्रश्नावरून नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित), बौद्ध, जैन आणि मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे) शेकडो वर्षे वाद घालत राहिले. आणि वाद घालता घालता एकमेकांकडून शिकत गेले.

बौद्ध आचार्य दिङ्नागांनी, सुमारे सहाव्या शतकात, खऱ्या हेतूच्या, म्हणजे धुरासारख्या अनुमानाच्या आधाराच्या, तीन अटी घातल्या. धूर त्या डोंगरावर असला पाहिजे. जिथे आग असते अशा जागी, उदाहरणार्थ स्वयंपाकघरात, तो आढळला पाहिजे. आणि जिथे आग नसतेच, अशा तळ्यावर तो कधीच दिसता कामा नये. नैयायिक उद्योतकर यांनी दिङ्नागांवर कडाडून हल्ला चढवला. कुतार्किकांनी पसरवलेले अज्ञान घालवण्यासाठीच आपण लिहीत आहोत, असे त्यांनी ‘न्यायवार्तिका’च्या आरंभीच बजावले. तरीही पुढच्या नैयायिकांनी त्या तिन्ही अटी ठेवल्या आणि वर दोन घातल्या: निष्कर्ष ज्ञानाच्या दुसऱ्या साधनाने (प्रमाणाने) खोडला जाऊ नये, आणि तितक्याच बळाचा उलटा हेतू समोर नसावा.

अनुमानाप्रमाणेच प्रत्यक्षावर, म्हणजे इंद्रियांनी थेट होणाऱ्या ज्ञानावरही वाद झाला; त्याची कथा तर याहून रंगतदार आहे. दिङ्नागांच्या मते नाव, जात यांची कल्पना मिसळली की प्रत्यक्ष संपले. मीमांसक कुमारिलांनी यातले अर्धे मान्य केले. तान्ह्या मुलाला होते तसे शब्दाआधीचे नुसते दर्शन त्यांनी स्वीकारले, पण ‘ही गाय’ हे नंतरचे ज्ञानही प्रत्यक्षच, असा आग्रह धरला. पुढे नैयायिक वाचस्पती मिश्रांनी निर्विकल्पक (शब्दाआधीचे) आणि सविकल्पक (नाव-जातीसह) हे दोन्ही प्रकार थेट गौतमांच्या न्यायसूत्रातल्या दोन विशेषणांत वाचून दाखवले, आणि या अर्थाचे श्रेय आपले गुरू त्रिलोचन यांना दिले. त्या सूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या जुन्या भाष्यात ही वाटणी नाही. वाचस्पतींच्या या वाचनाला ओढाताण म्हणणे अन्यायाचे होईल. बौद्धांचा मुद्दा मनापासून समजून घेतल्याखेरीज असे वाचन सुचलेच नसते.

आज ‘तर्कसंग्रह’ हे न्यायाचे प्राथमिक पुस्तक शिकणारा विद्यार्थीही स्वतःसाठीचे आणि दुसऱ्याला पटवण्यासाठीचे अशी अनुमानाची विभागणी पाठ करतो. दिङ्नागांनी आपल्या ‘प्रमाणसमुच्चया’ची दोन प्रकरणे याच विभागणीवर रचली होती.

जैनांनी तर बौद्धांचे ग्रंथही जपले. धर्मकीर्तींच्या ‘न्यायबिंदू’वरची धर्मोत्तरांची टीका खंभातच्या शांतिनाथ जैन मंदिराच्या भांडारात सापडली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी ती १८८९ साली छापून अभ्यासकांच्या हाती दिली.